आखाजीची घागर

खानदेशातल्या माणसाला आखाजी म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. बाकी महाराष्ट्राची अक्षय तृतीया आमच्याकडे आखाजी होऊन येते. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. आणि त्याच दिवशी सकाळी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरली जाते. नवी मातीची घागर, तिच्यावर डांगर, जोडीला आंबे आणि पुरणपोळीचा नैवेद्य. वैशाखाच्या उन्हात आपल्या पितरांना तहान लागत असेल, त्यांना गार पाणी पोचावे, एवढी साधी भावना त्यामागे आहे.

गेल्या वर्षी आमच्या घरात आईच्या नावाची पहिली घागर होती. आम्ही धुळ्यात राहत असलो तरी घागर गावच्या घरीच भरायची, ही आमची रीत. गाव पांझरेच्या काठावर, शहराच्या खालच्या अंगाला. गावी मोठी माय असते, म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. वय ऐंशीच्या घरात. आई आणि ती, दोघी जावांनी तरुणपणी नदीवरून डोक्यावर पाणी आणलेले. वाळूत झिरा उकरायचा, वाटीवाटीने पाणी घागरीत भरायचे, आणि वर पदराची गाळणी धरायची. आमच्या घरातली घागर आखाजीला नदीच्याच पाण्याने भरली जाई.

मी हौसेने घागर उचलली आणि नदीकडे निघालो. मोठ्या मायने ओट्यावरूनच हाक मारली, "कथा चालना?" मी म्हणालो, "नदीवर." ती काही क्षण बोललीच नाही. मग हळूच म्हणाली, "बाबा, तुन्ही मायनी घागर शे. हाई पानी तिले कसं देऊ?"

तरीही मी नदीपर्यंत गेलो. एप्रिल संपत आला होता. वरून नदीत पाणी यायचे कारण नव्हते, तरी मधोमध एक काळसर धार वाहत होती. कडेला फेस, त्यात अडकलेल्या पिशव्या, आणि नाकाला पदर लावावा असा वास. लहानपणी याच पात्रात भोई लोकांच्या डांगरवाड्या होत्या. आखाजीच्या घागरीवर ठेवायचे डांगर त्या वाळूतून यायचे. आता वाळूही फारशी उरलेली नाही. मी रिकामी घागर घेऊन परत आलो. मोठी माय एवढेच म्हणाली, "हाई तुमनाच गावनं पानी शे ना?"

त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते पाणी माझ्याच गावचे होते. त्यातले थोडे माझ्याच घरचे होते.

मोरीतून कुठे?

आपण मोरीत पाणी ओततो तेव्हा ते 'गेले' असे म्हणतो. कुठे गेले, हे विचारायची आपल्याला सवय नाही. परतल्यावर मी पहिल्यांदाच आमच्या दारच्या गटारीच्या मागे मागे चालत गेलो. गटार गल्लीच्या टोकाला मोठ्या गटारीला मिळाली, मोठी गटार नाल्याला मिळाली आणि नाला नदीला. सारा प्रवास पायी वीसपंचवीस मिनिटांचा. तिथून पुढे नदीने ते मोठ्या मायच्या दारात नेऊन सोडले.

हिशेब करून पाहिला. मलनिस्सारणाची व्यवस्था असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावे, असा आपल्याकडचा सरकारी निकष आहे. त्यातले साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे अभियंते धरतात. म्हणजे माणशी १०८ लिटर. आमच्या घरात आम्ही पाच माणसे. दिवसाला ५४० लिटर, वर्षाला सुमारे दोन लाख लिटर. दहा हजार लिटरचे वीस टँकर! नळाला रोज पाणी न येण्याची सवय असलेल्या आमच्या भागात याच्या निम्मे धरले, तरी दहा टँकर होतात. उन्हाळ्यात आपल्या दारात एक टँकर यावा म्हणून आपण किती धावपळ करतो! आणि आपल्या घरातून दर वर्षी दहावीस टँकर घाण पाणी खालच्या गावाला जाते, त्याची आपल्याला दादही नसते.

आता कुणी म्हणेल, नदी वाहती असते, ती स्वतःला शुद्ध करून घेते. हे खोटे नाही. पाण्यातले सूक्ष्म जीवाणू घाण खातात आणि तिचे निरुपद्रवी पदार्थांत रूपांतर करतात. पण हे काम करताना त्यांना प्राणवायू लागतो, आणि तो ते पाण्यात विरघळलेल्या साठ्यातून घेतात. पाण्यातली घाण पचवायला किती प्राणवायू लागेल, या मापाला 'बीओडी' म्हणतात. आपल्याकडे नदीच्या एक लिटर पाण्यात हे माप ३ मिलिग्रॅमच्या वर गेले, की तो पट्टा प्रदूषित धरतात. कच्च्या मैलापाण्यात हाच आकडा दोनशेच्या आसपास किंवा त्याहूनही वर असतो. उलट बाजूला, ३० अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला जेमतेम साडेसात मिलिग्रॅम असतो. जमाखर्च जुळायचा कसा? पुरात भरपूर पाणी असते, घाण पातळ होते, नदी ती पचवते. उन्हाळ्यात नदीत दुसरे पाणीच नसते.

आणि खानदेशाचा उन्हाळा! पाणी जितके तापते तितका त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि जीवाणू मात्र तापल्या पाण्यात अधिक जोराने तो खाऊ लागतात. म्हणजे आवक कमी आणि उधळपट्टी जास्त. अशा पाण्यात पहिल्यांदा मासे जातात. मरळ, मागूर यांसारखे मासे तोंड वर काढून हवा घेऊ शकतात, ते काही काळ तग धरतात. बाकीच्यांना ती सोय नाही. प्राणवायू संपला की दुसऱ्या जातीचे जीवाणू कामाला लागतात, आणि मग सुटतो तो सडक्या अंड्यासारखा वास. आपण पुलावरून जाताना नाक दाबतो, तेव्हा नदीचा श्वास कधीच कोंडलेला असतो.

फडावरचा नियम

आता यातली गंमत पाहा. खरे तर तिला गंमत म्हणवत नाही. वरच्या माणसाने खालच्या माणसाचा विचार करायचा, हे जगाला ज्या नदीने शिकवावे, ती हीच पांझरा आहे. साक्री तालुक्यात तिच्यावर शेकडो वर्षांची फड पद्धत आहे. नदीवर एकाखाली एक असे बंधारे. प्रत्येक बंधाऱ्यातून पाट काढलेला, पाटाखालच्या शेतीचे फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, आणि दर वर्षी पिके आलटूनपालटून फिरवायची. पाणी वाटणारा पाटकरी शेतकऱ्यांनीच नेमलेला. ज्या वर्षी पाणी कमी, त्या वर्षी भिजवायचे क्षेत्रच कमी करायचे, म्हणजे तोटा झाला तर तो सर्वांना सारखा. एका बंधाऱ्यावरून सांडलेले पाणी खालच्या बंधाऱ्याला मिळायचे. मोसम आणि गिरणेच्या खोऱ्यातही अशीच पद्धत होती. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांनी बसवलेली ही घडी पाहायला पुढे शिकलेली माणसे लांबलांबून आली.

याच पांझरेच्या पाटावर एका तरुण अभियंत्याचे सुरुवातीचे काम झाले. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झालेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना खानदेशात नेमणूक मिळाली, आणि पांझरेच्या एका पाटाचे पाणी नळातून पलीकडे नेण्यासाठी सायफन बांधायची कामगिरी त्यांच्याकडे आली. भर पावसात, नदीच्या पुराशी झुंजत त्यांनी ती पुरी केली. त्यांचे नाव निघाले की आपल्याला धरणे आठवतात. पण १९०८ साली हैदराबादेत मुसी नदीचा भयंकर पूर आला, त्यानंतर निजाम सरकारने त्यांना बोलावले, तेव्हा त्यांनी पूरनियंत्रणाबरोबर त्या शहरासाठी भुयारी गटारांची योजनाही आखली. शहरात येणारे पाणी आणि शहरातून जाणारे पाणी, दोन्हीची जबाबदारी एकाच माणसाची, हे त्या पिढीला ठाऊक होते.

आपण मात्र निम्मेच शिकलो. पाणी आणण्यासाठी आपण धरणे बांधली, जलवाहिन्या टाकल्या, मोर्चे काढले, निवडणुका लढवल्या. ते वापरून झाल्यावर कुठे जाईल, यावर कधी मोर्चा निघालेला मी पाहिला नाही. चांगल्या पाण्यासाठी फडाचा नियम होता. वाईट पाण्यासाठी तो कुणी केलाच नाही.

प्रत्येक गाव कुणाच्या तरी खाली

जळगावला माझी बहीण दिलेली आहे. तिला ही हकीकत सांगितली तेव्हा ती म्हणाली, "दादा, तुमची पांझरा काय आणि आमची गिरणा काय!" गिरणा नाशिक जिल्ह्याच्या डोंगरांतून येते. मालेगावची मोसम तिला मिळते. मग जळगाव जिल्हा ओलांडून ती तापीत जाते. पांझराही मुडावदला कपिलेश्वराच्या देवळापाशी तापीलाच मिळते. जळगावकर मालेगावच्या खाली, तापीकाठची गावे जळगावच्या खाली, भुसावळ बऱ्हाणपूरच्या खाली. प्रत्येक गाव वरच्याला नावे ठेवते आणि खालच्याकडे पाठ फिरवते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. ३२३ नद्यांवरचे ३५१ पट्टे. त्यात सर्वांत अधिक, ५३, आपल्या महाराष्ट्रातले. गिरणा, पांझरा, वाघूर आणि तापी ही आपली चारही नावे त्या यादीत होती. २०२२च्या अहवालात देशातल्या पट्ट्यांची संख्या ३११ वर उतरली, पण महाराष्ट्र पहिलाच राहिला आणि आपले पट्टे ५५ झाले.

तापीचे पाणी तिथे थांबत नाही. मध्य प्रदेशातल्या मुलताईला उगम पावलेली ही ७२४ किलोमीटरची नदी आपल्या मुलखातून सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा असे बंधारे ओलांडत गुजरातेत जाते, उकाईच्या जलाशयात विसावते, आणि सुरतेच्या पुढे समुद्राला मिळते. बंधाऱ्यांत पाणी थांबले की आणखी एक गोष्ट होते. आपल्या मैलापाण्यातले नत्र, धुण्याच्या पावडरीतले आणि शेतातून वाहून आलेल्या खतांतले स्फुरद हे शेवाळाला आणि जलपर्णीला खत म्हणूनच मिळते. हिरवा गालिचा पसरतो. तो मरून कुजतो तेव्हा पुन्हा प्राणवायू खातो. समुद्राच्या मुखाशीही हेच घडते. २००८ साली शास्त्रज्ञांनी मोजणी केली, तेव्हा जगाच्या किनाऱ्यांवर प्राणवायू हरपलेले चारशेहून अधिक पट्टे भरले होते. नर्मदा-तापीच्या मुखातून अंडी घालायला वर चढणारा हिल्सा मासा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला नसेल. पण समुद्रापासून इतक्या लांब, कापसा-केळीच्या मुलखात बसून आपणही त्याच्या वाटेत काही तरी टाकत असतो.

आणि हे सारे लांबचेच आहे असे समजू नका. शहराच्या खाली नदीकाठी शेतकरी मोटार लावून हेच पाणी भाजीला देतो. त्याला दोष कसा द्यायचा? वैशाखात त्याच्यासमोर दुसरे पाणी नाही. ती मेथी, तो पालक, ती कोथिंबीर पहाटे टेंपोत बसून शहरात येते आणि आपण ती 'ताजी आहे' म्हणून घेतो. मोरीतून गेलेले पाणी असे पिशवीतून घरी परत येते.

मग करायचे काय?

कायदे आपल्याकडे कमी नाहीत. महाराष्ट्राने १९६९ सालीच जलप्रदूषणाविरुद्ध स्वतःचा कायदा केला, १९७० साली राज्याचे मंडळ स्थापन झाले, आणि देशाचा कायदा १९७४ साली आला. केंद्रेही उभी राहिली. केंद्रीय मंडळाच्या २०२०-२१च्या मोजणीनुसार देशाच्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होत होते. ते शुद्ध करण्याची उभारलेली क्षमता होती ३१,८४१ दशलक्ष लिटर, आणि प्रत्यक्षात शुद्ध होत होते २०,२३५. म्हणजे केंद्रे कमी हे तर झालेच, पण जी आहेत तीही पूर्ण वापरात नाहीत. कुठे घरांच्या जोडण्याच झालेल्या नसतात, कुठे विजेचे बिल परवडत नाही, कुठे यंत्र चालवणारा माणूस नसतो. केंद्राचे उद्घाटन एक दिवसाचे असते, ते चालवणे मात्र रोजचे. आपण नगरसेवकाला नळाविषयी विचारतो. वर्षातून एकदा तरी हेही विचारावे: आपल्या गल्लीचे पाणी केंद्रापर्यंत पोचते का, आणि केंद्र आज चालू आहे का?

शुद्धीकरण म्हणजे काही जादू नाही. नदी जे काम मैलोन्‌मैल करते, ते तिथे टाक्यांत काही तासांत करून घेतात. आधी जाळीने कचरा अडवायचा, गाळ खाली बसू द्यायचा, मग पाण्यात हवा सोडून जीवाणूंना भरपूर प्राणवायू द्यायचा, आणि शेवटी रोगजंतू मारायचे. कारखान्यांतल्या रसायनांची आणि धातूंची गोष्ट वेगळी. ती जीवाणूंना पचत नाहीत, ती कारखान्याच्या दारातच अडवावी लागतात.

आणि शुद्ध केलेले पाणी हे पाणीच असते. नागपूरने आपले मैलापाणी शुद्ध करून कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला दिले, तेवढे धरणाचे गोडे पाणी वाचले. सुरतेत २०१४ पासून असे पाणी पांडेसऱ्याच्या कापड उद्योगाला जाऊ लागले. आपल्या खानदेशात तर बारा महिने न चुकता वाहणारा दुसरा प्रवाह उरलेला नाही. केळीसाठी हजार फूट खाली पाणी शोधणाऱ्या मुलखाने हा प्रवाह नाल्यात सोडून द्यावा, हे शहाणपणाचे नाही.

गावांना मोठी केंद्रे नकोत. नांदेड जिल्ह्यातल्या गावांनी घरोघरी शोषखड्डे खणले, सांडपाणी जमिनीत मुरवले, गटारीच बंद केल्या, आणि डासही कमी झाले. हा 'नांदेड पॅटर्न' आता इतर जिल्ह्यांत माहीत आहे. घरटी एक खड्डा, थोड्या विटा नि दगड आणि एक दिवसाची मेहनत, एवढाच खर्च.

राहिले आपले घर. आमच्या संडासाची सेप्टिक टाकी वीस वर्षांत एकदाही उपसली नव्हती, हे मला गेल्या वर्षीच कळले. भरलेली टाकी काही अडवत नाही. मैला तसाच गटारीत जातो. दोनतीन वर्षांनी ती यंत्राने उपसायची असते. माणूस आत उतरवायचा नाही, २०१३च्या कायद्याने तो गुन्हा आहे. मी टाकी उपसून घेतली, आणि गाडीवाल्याला विचारले, "हे कुठे नेऊन टाकणार?" तो माझ्याकडे पाहतच राहिला. इतक्या वर्षांत त्याला हे कुणी विचारले नव्हते. तळणीचे उरलेले तेल, मुदत संपलेली औषधे, फरशीचे ॲसिड आमच्या मोरीत आता जात नाही. सौभाग्यवतींनी धुण्याच्या पावडरीचा चमचा निम्म्यावर आणला, कपडे तसेच निघतात. एका घराने नदी साफ होत नाही, हे मलाही कळते. पण फडावरही प्रत्येकाने आपापले दारे मोडले आणि बांधले, म्हणूनच पाटाचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचले.

यंदाच्या आखाजीला मी धुळ्याहून निघताना वीस लिटरचा कॅन नळाच्या पाण्याने भरला आणि मोटारसायकलच्या मागे बांधला. गावी पोचलो. मोठ्या मायने कॅनकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि हसली. म्हणाली, "चांगलं पानी गाडीवर लयना, आनि वापरेल पानी नदीमा सोडी दिन्हं!" मलाही हसू आले, पण घशातून उतरेना.

तिने घागर भरली. वर डांगर ठेवले. तेही बाजारातूनच विकत आणलेले. आईचे नाव घेतले. हात जोडताना मी आईला काय सांगितले, ते इथे लिहायला हरकत नाही. मी म्हणालो, आई, यंदाही पाणी नदीचे नाही, गोड मानून घे. पुढच्या वर्षीही कदाचित नसेल. पण तुझ्या नातवंडांना त्या वाळूत पुन्हा झिरा उकरता यावा, म्हणून वरच्या गावात राहणारा तुझा मुलगा आता आपल्या मोरीकडे लक्ष ठेवून आहे.